गेमिंग आणि स्ट्रीमिंगसाठी मशीन बांधताय? या चुका टाळा

माझ्याकडं व्हॉट्सॲपवर कॉम्प्युटरच्या पार्टांच्या याद्या येतात. कुणी राजारामपुरीत कोटेशन काढलेलं असतं, कुणी शाहूपुरीत, कुणी ऑनलाइन कार्टचा फोटोच धाडतो. पहिली ओळ ग्राफिक्स कार्डाची, दुसरी प्रोसेसरची, मग रंगीत लाईटवाले पंखे. आणि अगदी तळाला एकाच ओळीत लिहिलेलं असतं: कॅबिनेट विथ एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा कॅबिनेटबरोबर फुकट. मी यादी खालून वर वाचतो. तळाला ही ओळ दिसली की वरचं काही न वाचता यादी परत पाठवतो.

मध्यम बजेट म्हणजे साठ-सत्तर हजारांपासून लाखाच्या आतबाहेर. एवढ्यात १०८०पी (फुल एचडी) वर गेम आणि त्याच वेळी यूट्यूबवर लाईव्ह, दोन्ही व्यवस्थित होतं. पैसे पुरतात, पण ते दिसणाऱ्या पार्टावर जातात आणि भार पेलणाऱ्या पार्टासाठी उरत नाहीत. गेली कित्येक वर्षं मी कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत मशीन बांधून देतोय, बिघडलेली उघडतोय, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघतोय.

फुकटात आलेला एसएमपीएस

कागलजवळच्या एका गावातला पोरगा मित्राच्या गाडीवर मागं बसून, सतरंजीत गुंडाळलेलं कॅबिनेट मांडीवर धरून माझ्याकडं आला. म्हणाला, "दादा, नुसता गेम खेळला की तास-तास चालतंय. लाईव्ह लावलं आणि मॅच रंगात आली की धाडकन रिस्टार्ट." विंडोज त्यानं तीनदा मारून झाली होती. रॅम बदलून झाली होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून चांगला मदरबोर्ड विकायला काढला होता.

मी बाजूचं झाकण उघडलं. कार्ड आरटीएक्स ३०६०, म्हणजे १७० वॅटचं. त्याला ८ पिनची स्वतंत्र वायर लागते. या एसएमपीएसला ती वायरच नव्हती. जुन्या हार्डडिस्कला लागायचे तसले दोन चार-पिनी कनेक्टर एका कन्व्हर्टरनं जोडून कार्डाला दिले होते. त्यातल्या एका पांढऱ्या कनेक्टरची कड तपकिरी झालेली. बोटानं दाबली तर कुरकुरीत लागली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला.

एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' छापलेलं होतं. खाली बारीक अक्षरात एक तक्ता असतो, तो कुणी वाचत नाही. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं होतं. बाराला सोळानं गुणा: १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. कार्ड १७० वॅट, त्याचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर पूर्ण भारावर ७५ वॅटच्या आसपास. म्हणजे १९२ वॅटच्या डब्याकडून पोरगा जवळजवळ अडीचशे वॅट मागत होता. नुसत्या गेममध्ये प्रोसेसरवर भार कमी असायचा म्हणून कसंबसं निभायचं. लाईव्ह लावलं की निभत नव्हतं.

मी सांगितलं, हा बदलल्याशिवाय मशीन चालू करू नकोस. तो म्हणाला, "उसाचं बिल आलं की बदलतो." बारा दिवसांनी त्याचा फोन आला. संध्याकाळची वेळ, लाईव्ह सुरू, आणि फटाका फुटावा तसा आवाज. ग्राफिक्स कार्ड वाचलं. मदरबोर्ड आणि एसएसडी दोन्ही गेले. एसएसडीत बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, दुसरीकडं कुठंच ठेवलेले नव्हते. तेव्हापासून असा कन्व्हर्टर दिसला की मी तो काढून घेतो आणि माझ्या ड्रॉवरमध्ये टाकतो. गिऱ्हाईक रागावलं तरी परत देत नाही. ड्रॉवरमध्ये आता नऊ कन्व्हर्टर आहेत.

माझी सवय सांगतो. यादीची पहिली ओळ एसएमपीएसची. या बजेटच्या मशीनला ५५० ते ६५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा, किमान पाच वर्षं वॉरंटीवाला. त्यासाठी पाच-सहा हजार आधी बाजूला काढायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. दुकानात डबा पालथा करून १२ व्होल्टचे अँपिअर वाचायचे. ५५० वॅटच्या प्रामाणिक एसएमपीएसवर तिथं चाळीसच्या पुढचा आकडा असतो. '८० प्लस'चा शिक्का बघून हुरळून जाऊ नका. वीज किती वाया जाते एवढंच तो शिक्का सांगतो, आत शॉर्ट झालं तर बाकीचे पार्ट वाचतील का हे सांगत नाही. आणि हातात घेऊन बघा. रिकाम्या डब्यासारखा हलका लागला तर दुकानदार काहीही म्हणू दे, ठेवून द्या.

"पुढं बदलू" हे वाक्य बाकी कुठल्याही पार्टाबद्दल चालेल. एसएमपीएसबद्दल मी ते ऐकून घेत नाही.

तिसरी पिन कापू नका

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावला की पेटतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत हे मी शेकडो वेळा बघितलंय. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातून थोडा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंगच नसेल तर तो पत्र्यावर थांबतो आणि तुमच्या बोटात, नाहीतर कॅप्चर कार्डाच्या (गेमचं चित्र दुसऱ्या मशीनकडं नेणाऱ्या) वायरीतून दुसऱ्या मशीनमध्ये शिरतो. माईकमध्ये येणारी घुंई-घुंई बऱ्याचदा हीच असते. लोक माईक बदलतात. काहीजण तर जुन्या सॉकेटात बसत नाही म्हणून प्लगची तिसरी पिनच कापतात. लाखाचं मशीन घ्यायची ऐपत आहे तर आधी वायरमन बोलवा आणि अर्थिंग करून घ्या. मी मशीन बसवायला जाताना मल्टिमीटर घेऊन जातो. फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास दाखवलं तरच प्लग लावतो.

गावाकडं संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, तेही ध्यानात घ्या. आणि यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यात घोळ करू नका. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच पेलतो. मशीन, मॉनिटर, राउटर सगळं त्यावर टाकून गेम खेळत असताना लाईट गेली की तो किंचाळतो आणि तोही जातो. मी हजार व्हीएच्या खाली जात नाही.

कार्ड गेम चालवतं, पण लाईव्ह कोण करणार?

ही माझी दुसरी दुखरी नस. पोरं गेमच्या फ्रेमचे व्हिडिओ बघून कार्ड ठरवतात. स्ट्रीमिंग करायचं तर पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा दाबून लहान करून पाठवावं लागतं. त्याला एन्कोडिंग म्हणतात आणि ते काम दोघांपैकी एकजण करतो: प्रोसेसर, किंवा ग्राफिक्स कार्डातला त्यासाठीच बनवलेला वेगळा भाग. एनव्हिडियाच्या कार्डात त्याला एनव्हेंक म्हणतात. २०१८ साली आलेल्या आरटीएक्स २० मालिकेपासून त्याचा दर्जा एवढा सुधारला की एका मशीनवर खेळणाऱ्यानं प्रोसेसरकडून एन्कोडिंग करून घ्यायचं काही कारणच उरलं नाही. ४० मालिकेत एव्ही१ एन्कोडिंगही आलं. त्यात तेवढ्याच नेटवर चित्र जास्त स्वच्छ जातं आणि यूट्यूब ते घेतं.

घोटाळा स्वस्त कार्डांत होतो. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डांत हा एन्कोडिंगचा भागच नाही. कंपनीनं ते लपवलेलं नाही, माहितीपत्रकात ते दिसतं. पण माहितीपत्रक वाचतो कोण? शिवाय ही कार्डं पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या रस्त्याच्या) चारच लेन वापरतात, त्यामुळं जुन्या पीसीआयई ३.० च्या बोर्डावर आणखी मार खातात. नुसतं खेळणाऱ्याचं भागेल. लाईव्ह करणाऱ्यानं यादीत ठेवू नयेत. जीटीएक्स १६५० चंही असंच अर्धंमुर्धं: २०१९ ला आली तेव्हा तिच्यात आधीच्या पिढीचा एन्कोडर होता, नवा होता तो १६६० मध्ये.

आणि इंटेलच्या नावापुढं 'एफ' असलेला प्रोसेसर दीड-दोन हजारानं स्वस्त मिळतो म्हणून उड्या मारू नका. 'एफ' म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंक हा इंटेलचा एन्कोडरही नाही. चांगलं कार्ड असेल तर फरक पडत नाही, माझ्याही बऱ्याच याद्यांत 'एफ' असतो. पण कार्ड वॉरंटीत पुण्याला गेलं की मशीन पंधरा-वीस दिवस आंधळं होतं, एवढं आधी कळलेलं बरं.

मला विचाराल तर आज या कामासाठी आरटीएक्स ४०६० च्या वर्गातलं ८ जीबीचं कार्ड पुरतं. ११५ वॅट खातं, एन्कोडर एव्ही१ वाला आहे. त्याहून मोठ्या कार्डासाठी रॅम किंवा एसएमपीएसमधून पैसे कापायला लागत असतील तर मोठं कार्ड नको.

स्ट्रीम अडकतं म्हणून पार्ट विकायला काढणं

जयसिंगपूरचा एकजण कार्ड विकून दुसरं घ्यायला निघाला होता. लाईव्ह फाटतं, लोक कमेंटमध्ये ओरडतात. मी विचारलं, ओबीएसमधला (लाईव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमधला) स्टॅट्सचा चौकोन उघडून बघितलास का? त्यानं तो कधी उघडलाच नव्हता. त्या चौकोनात तीन वेगवेगळे आकडे असतात आणि तीन वेगवेगळी दुखणी सांगतात.

रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर गेमनं कार्ड शंभर टक्के खाल्लंय, ओबीएसला श्वास घ्यायला जागा नाही. गेममध्ये फ्रेमला मर्यादा घाला, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, बहुतेक वेळा तिथंच मिटतं. एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर एन्कोडर थकलाय. प्रोसेसरवर चालवत असाल तर एनव्हेंकवर आणा. आणि ड्रॉप्ड फ्रेम्स वाढत असतील तर मशीनचा काही संबंध नाही, नेट पाठवायला कमी पडतंय.

त्याचा तिसरा आकडा धावत होता. राउटर खालच्या मजल्यावर, मध्ये दोन दगडी भिंती, आणि हा वरच्या खोलीत वायफायवर. वीस मीटर केबल गॅलरीतून वर ओढली आणि प्रश्न संपला. कार्ड अजून त्याच्याकडंच आहे.

१०८०पी, ६० फ्रेमला मी सहा ते नऊ हजार केबीपीएस (म्हणजे सहा ते नऊ एमबीपीएस) ठेवतो आणि अपलोड त्याच्या दुप्पट तरी असल्याशिवाय लाईव्ह लावू देत नाही. जाहिरातीत छापतात तो आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो, अपलोड वेगळं विचारा. आणखी एक: यूट्यूबवर लाईव्ह पहिल्यांदा सुरू करायला परवानगी मागितली की चोवीस तासांपर्यंत थांबावं लागतं. तालमीच्या फुटबॉल मॅचच्या दिवशी सकाळी मशीन बांधून संध्याकाळी शाहू स्टेडियमवरून लाईव्ह करायला निघालेल्यांनी हे वाचून ठेवा.

एकच रॅम लावून "दुसरी नंतर"

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढले आणि ही चूक पुन्हा सुरू झाली. सोळा जीबीची एक काडी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. दोन काड्या दोन वाटांनी एकदम डेटा देतात. एकच असली की प्रोसेसर वाट बघत बसतो, सरासरी फ्रेम ठीक दिसते पण मध्येमध्ये झटके बसतात. चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच. शेजारीशेजारी लावून आणलेली मशीनं मी दर महिन्याला बघतो.

त्याहून वाईट म्हणजे एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगानं चालवणारी सेटिंग) चालू न करणं. ३२०० ची डीडीआर४ रॅम घेतली तरी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर) एक्सएमपी चालू केल्याशिवाय ती बहुतेक वेळा २१३३ नाहीतर २६६६ वर चालते. डीडीआर५ ची ६००० वाली ४८०० वर. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग आणि किती खाचा भरल्यात दोन्ही दिसतं. आत्ता उघडून बघा. वेगाचे पैसे भरून झालेत, वेग पेटीतच राहिलाय अशी माणसं खूप आहेत.

एका ओळीत संपणाऱ्या चुका

एचडीएमआय केबल मदरबोर्डला लावायची नाही, खाली ग्राफिक्स कार्डाला लावायची.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेला असतो, सेटिंगमध्ये जाऊन बदला.

कूलरखालचा प्लास्टिकचा पापुद्रा काढा. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण लागतं.

एएमडीच्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटातून उपसून येतो आणि पिना वाकतात. कूलर काढायच्या आधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून, हलकं फिरवून काढा.

एम डॉट २ एसएसडी दिसली म्हणजे ती वेगवान एनव्हीएमई असतेच असं नाही, हळू साटावालीही तशीच दिसते. बोर्डाचं पुस्तक बघा.

इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन जातींचे मिळतात. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, जोर लावू नका.

हवा, धूळ आणि कापूस

इचलकरंजीतून येणाऱ्या मशीनचं झाकण मी बाहेर अंगणात उघडतो. घराशेजारी यंत्रमाग असले की कापसाचे तंतू उडत राहतात आणि कूलरच्या पात्यांमागं नमद्यासारखा थर बसतो. एकदा तो थर मी अखंड सोलून काढला, तळहाताएवढा, राखाडी, पंख्याच्या पात्यांचे ठसे उमटलेला. प्रोसेसर ९५ अंशावर जाऊन वेग कमी करत होता आणि मालक नवा प्रोसेसर घ्यायच्या बेतात होता. उद्यमनगरच्या बाजूला हीच गोष्ट लोखंडाच्या भुकटीची, आणि ती जास्त वाईट कारण तिच्यातून वीज वाहते.

समोर काच असलेली कॅबिनेट दिसायला छान असतात, पण हवा घ्यायला जागा नसते. समोर जाळी पाहिजे, जाळीला काढता येणारा फिल्टर पाहिजे. फिल्टर महिन्याला धुवायचा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरायचं, नाहीतर वाऱ्यानं पंखा गरगरून बेअरिंग जातं.

गगनबावड्याकडं पावसाळ्यात चार-सहा आठवडे बंद राहिलेलं मशीन सुरूच झालं नाही तर घाबरू नका. प्लग काढा, रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबरानं हलक्या पुसा, परत लावा.

सेकंडहँड कार्ड

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं माइनिंग बंद पडलं आणि त्यात राबलेली कार्डं बाजारात आली. माइनिंगमध्ये वापरलेलं कार्ड वाईटच असतं असं मी म्हणत नाही, मी स्वतः दोन घेतलीत. पण मी समोर अर्धा तास गेम चालवून, पंख्यांचे आवाज ऐकून, जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव बघून घेतो. जुन्या कार्डाला नव्याचं बायोस (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) मारून विकतात, ते जीपीयू-झेड बऱ्याचदा 'फेक' म्हणून पकडतं. चौकात उभ्या उभ्या पैसे देऊन कार्ड घेऊ नका. बिल नसेल आणि सीरियल नंबरचं स्टिकर खरवडलेलं असेल तर निम्म्या किमतीतही नको.

नव्या पार्टाचंही जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. बिलाशिवाय चार पैसे वाचतात, आणि सहा महिन्यांनी कार्ड गेल्यावर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हात हलवत उभं राहावं लागतं.

घाई

सगळ्यात जास्त नुकसान रात्री अकराला पार्ट येऊन बाराला लाईव्ह करायच्या घाईत होतं. मी सगळं थेट कॅबिनेटमध्ये कधीच बसवत नाही. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवतो. प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएमपीएस आणि कार्ड एवढंच लावून चालू करतो. बायोस दिसला, रॅमचा वेग लावला, मग कॅबिनेट. एकदा चालताना बघितलेलं असलं की नंतर काही अडलं तर दोष कुठल्या टप्प्यात आला ते लगेच कळतं.

मग विंडोज, ड्रायव्हर, ओबीएस. आणि द्यायच्या आदल्या संध्याकाळी दोन तास गेम आणि ओबीएसचं रेकॉर्डिंग एकत्र लावून ठेवतो, सहा हजार केबीपीएसवर. तासाला २.७ जीबी या हिशोबानं सव्वापाच-साडेपाच जीबीची फाईल व्हायला पाहिजे. तेवढ्या वेळात एसएमपीएसच्या मागं हात धरून हवा किती गरम येते ते दोन-तीनदा बघतो. सकाळी ती फाईल उघडून पुढं ढकलत ढकलत शेवटपर्यंत बघतो, कुठं झटका नाही, आवाज मागंपुढं नाही. मगच झाकणाचे स्क्रू आवळतो.